नल्लवाड्याची पांढरी घरं

(शिरूर अनंतपाळ. बी-बियाणांच्या दुकानामागची बैठकीची खोली. म्हातारी नागम्मा, तिचा मुलगा शिवकुमार आणि नांदेडहून आलेली मंजुश्री.)

शिवकुमार : नाही मॅडम, तुमची काहीतरी गफलत झालीय. हे लेबर लोकांच्या घरांचे फोटो आहेत. आमचा त्याच्याशी काय संबंध? आमच्या आईच्या वडिलांचं खाणीवर दुकान होतं.

मंजुश्री : असेल काका. पण मला तुमच्या अंबिकानंच फोन केला. मी हे फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकले होते, कुणी ओळखतं का म्हणून. ती म्हणाली, माझी आजी नल्लवाड्याच्या कोळसाखाणीवरच जन्मली, तुम्ही येऊनच भेटा.

शिवकुमार : अंबिकाला काय कळतंय? तिचं लग्न जमून राहिलंय, अन् ही बया ग्रुपवर खाणीच्या गोष्टी सांगून राहिली. निलंग्याचे पाव्हणे त्याच ग्रुपवर आहेत.

नागम्मा : शिवू, आधी तिला टेकू तर दे. पोरगी नांदेडाहून आलीय अन् तू उभ्या उभ्या पंचाईत मांडलीस. बस गं बाई. नाव काय म्हन्लीस तुजं?

मंजुश्री : मंजुश्री, अव्वा. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. जुनी घरं, त्यांची बांधणी, हा माझा विषय. आम्ही मूळचे कंधारचे. माझे आजोबा माणिकप्पा, त्यांचा नांदेडला फोटो स्टुडिओ होता; हे फोटो त्यांनीच काढलेले.

नागम्मा : मानिकप्पा? तोंडावर देवीचे वण व्हते का त्यास्नी?

मंजुश्री : हो! तुम्ही कुठं पाहिलंत त्यांना?

नागम्मा : मी न्हाई गं लई पाह्यले. माज्या मायनं पाह्यले. शिवू, चष्मा दे माजा. अन् तो बल्ब लाव.

शिवकुमार : अव्वा, तुझ्या डोळ्याला पाणी येतंय, डॉक्टरनं काय सांगितलंय...

नागम्मा : डाक्टर चष्मा लावू नको म्हन्ला का? आण. हं. आन गं बाई तुजे फोटो. येक येक दे.

मंजुश्री : हा बघा. हा नळ आहे, आणि मागं उतरत गेलेली घरं.

नागम्मा : अगं बया. ही तर खालची लाईन! हाच नळ. हितं पहाटं घागरींची रांग लागायची अन् हितंच सगळी भांडनं. येक बाई तेलुगूत शिव्या द्यायची, दुसरी उर्दूत, आमची माय कन्नडात. कुनाचं कुनाला कळायचं न्हाई, म्हनून भांडन लवकर मिटायचं.

मंजुश्री : अव्वा, मी वीस वर्षं कामगारांच्या वस्त्यांचे जुने फोटो बघतेय. झारखंडाकडचे, चांद्याकडचे, कोलारचे. खाणीवरची घरं म्हणजे काळी, धुरकट, एकासारखी एक. पण हे बघा. कंपनीनं सगळ्यांना सारखीच खोली दिलेली, एक दार, एक झरोका. आणि माणसांनी काय केलंय त्याचं! या घराच्या चौकटीभोवती वेल काढलाय. याला मोर. इथं ओटा एवढा नीट बांधलाय की कड सुतात आहे. हे दार तर तेलाच्या डब्यांचे पत्रे उलगडून केलंय, आणि त्या पत्र्यांना खिळ्यांनी ठोकून ठोकून कमळं उठवलीत. आमच्या पोरांना वर्षभर शिकवूनही एवढी नजर येत नाही.

नागम्मा : ते जैनबीचं दार. तिचा नवरा लव्हार व्हता, इंजिनाच्या कारखान्यात.

मंजुश्री : आणि भिंती! पांढऱ्याशुभ्र. कोळशाच्या वस्तीत! मला आधी वाटलं, आजोबांनी निगेटिव्हवर काही कारागिरी केली. पण नाही. भिंती खरंच पांढऱ्या होत्या. आकाशसुद्धा स्वच्छ आहे. धुरळ्याचा कण नाही. हे कसं झालं, तेच मला समजत नाही.

नागम्मा : चाळनी बंद व्हती ना त्या दिवशी.

मंजुश्री : चाळणी?

नागम्मा : कोळसा वर आला की मोठ्या लोखंडी चाळनीवर पडायचा. धाड धाड आवाज. बाया दोन्ही अंगांना बसून दगड येचायच्या. तितनं जो काळा धुरळा उठायचा, तो सगळा खालच्या लाईनीवर. भाकरीत कचकच. दुधावर साय यायची तीबी काळी. माय तितंच कामाला व्हती.

शिवकुमार : कुणाची माय?

नागम्मा : माजी. तुजी आज्जी. शरनम्मा.

शिवकुमार : अव्वा, काय बोलतीस? आज्जी दगड वेचायला? आन् मग दुकान?

नागम्मा : दुकानाचं सांगते. मला सगळं सांगू दे, मधी बोलू नको. लई वर्षांनी कुनीतरी इचारलंय.

शिवकुमार : बरं. सांग.

नागम्मा : माजा बाप ईरन्ना उदगीरचा. भावांसंगं जमलं न्हाई म्हनून चुलत्याच्या वळखीनं खाणीवर गेला. खाली बोगद्यात कोळशाचे डबे ढकलायचा. मी तितंच जल्मले. सात-आठ वर्सांची व्हते, निजामाचं राज जाऊन थोडेच दिस झाले व्हते. येक दिस कंपनीचा मानूस आला, संगं ह्यो देवीचे वण असलेला फोटोवाला. तीन पायांचं खोकं, वर काळा फडका. आमी पोरं मागं मागं. त्यानं काय काढलं म्हाईताय? नाली. राखंचा ढीग. शेंबूड गळनारं पोरगं. आमाला मजा वाटली, आपल्या नालीचा फोटो निघून राहिलाय म्हनून!

मंजुश्री : नालीचे फोटो माझ्याकडे नाहीत.

नागम्मा : ऐक की. माय कामावरनं आली. डोक्यापासून पायापर्यंत काळी, डोळे तेवढे पांढरे. तिनं त्याच्या गळ्यात लिंग पाह्यलं अन् कन्नडात इचारलं, काय रे बाबा, नालीचा फोटो कुनाच्या घरात लावनार? तोबी कन्नड बोलनारा. म्हन्ला, अक्का, हितं साह्यबांचे बंगले बांधायचेत. ही वस्ती मानसं ऱ्हायच्या लायक न्हाई, असं हैदराबादला दावायचंय. त्याला फोटो पायजेत.

मंजुश्री : आजोबा असं म्हणाले? स्पष्ट?

नागम्मा : स्पष्ट. लपवलं न्हाई त्यानं, हे त्याचं चांगलं. माय म्हन्ली, अन् मंग आमी कुठं जायचं? तो म्हन्ला, ते मला काय म्हाईत? मी फोटोवाला. जे दिसतं ते काढतो. माय म्हन्ली, खरंच? जे दिसतं ते काढतोस? हाव म्हन्ला. मंग परवा ये, म्हन्ली. परवा जे दिसंल ते काढ.

शिवकुमार : आज्जी असं बोलली कंपनीच्या माणसासमोर?

नागम्मा : कंपनीच्या मानसाला कन्नड कुठं येतंय? तो विडी पीत उभा.

मंजुश्री : आणि मग?

नागम्मा : मंग काय, लाईनीत जत्रा उठली. वढ्याच्या काठाला पांढरी माती व्हती, डब्यांनी, पाट्यांनी, लुगड्याच्या वट्यात, जशी जमंल तशी आनली. बापांची जुनी धोतरं फाडून पोतेरे केले. जैनबीनं नीळ दिली. म्हन्ली, पांढऱ्या मातीत चिमूटभर टाका, भिंत चांदन्यासारखी दिसती. शेजारची पोशम्मा तेलंगी. ती दारापुढं असा मुग्गु काढायची, आपली रांगोळी, की पाय ठेवायची हिंमत व्हायची न्हाई. तिनं मातीचा रंग कालवून चौकटींवर वेल काढले. जिला येत न्हवतं तिच्याबी दारावर काढले. नालीवर फरशा टाकल्या. राख वाहून न्हेली. आमा पोरांची नाकं पुसली, डोईला तेल लावलं. माज्या डोईला तर येवढं लावलं की मानंवर वगळ आला.

मंजुश्री : तरीच ही मुलं अशी चकचकीत.

नागम्मा : पन सांच्याला काय झालं, सांगते. चाळनी सुरूच. सांजपतुर सगळ्या भिंती राखी. बाया रडायला आल्या. पोशम्मा तर कपाळाला हात लावून दारात बसली. माय म्हन्ली, रडू नका. भिंत कितीबी सारवा, चाळनी थांबल्याबिगर ती पांढरी ऱ्हायची न्हाई. उद्या पहाटं परत सारवायचं, अन् उद्या आपन कामावर जायचंच न्हाई. येचनारं कुनी नसलं तर चाळनी चालंल कशी?

शिवकुमार : म्हणजे हरताळ?

नागम्मा : हरताळ-बिरताळ शब्द कुनाला ठावं न्हवता. बाया म्हन्ल्या, घरी सारवन हाय, येत न्हाई. तेवढंच.

शिवकुमार : आन् आजोबा? ते काय म्हणाले?

नागम्मा : बाप लई भ्याला. म्हन्ला, तुजं नाव कटंल, माजंबी कटंल. आपन दुसऱ्याच्या मुलखात हावोत. माय भाकरी थापून राहिली व्हती. थापता थापताच म्हन्ली, काम गेलं तर दुसरं धुंडीन. घर गेलं तर ही चूल कुठं मांडू, ते सांगा. अन् सकाळच्याला बगते तर तोच शिडीवर चढून कौलं पुसून राहिला व्हता.

मंजुश्री : कौलं पुसत होते!

नागम्मा : हाव. काळी कौलं वल्या फडक्यानं. येक येक. त्याला बगून बाकीचे बाप्येबी चढले.

मंजुश्री : अव्वा, मी कौलांकडं तर नीट बघितलंच नव्हतं. थांबा. हो, खरंच. उन्हात चमकतायत.

नागम्मा : तो दिस मी मरंपर्यंत इसरायची न्हाई. आवाजच न्हाई गं! जल्मल्यापासून ती धाड धाड ऐकलेली. त्या दिशी पाखरं ऐकू आली. मी मायला इचारलं, हे काय वाजतंय? ती म्हन्ली, होला हाय, घुमून राहिलाय. तवर मला ठावं न्हवतं, आपल्या लाईनीत होले हायत.

शिवकुमार : आन् मग तो फोटोवाला?

नागम्मा : अन् मानिकप्पा आला. कोपऱ्यावर खोकं ठिवलं अन् नुस्ता उभा. कंपनीचा मानूस वरडतोय, चल चल, नाली कुठाय, नाली काढ. ह्यो काय हलंना. मंग त्यानं काय केलं म्हाईताय? पायातल्या वहाना काढल्या. मुग्गुवरनं जायचं ना, म्हनून. अनवानी सगळी लाईन फिरला. संगं आनलेल्या फोटोच्या काचा संपंपर्यंत फोटो काढले. कंपनीच्या मानसाला म्हन्ला, मी जे दिसतं ते काढतो.

मंजुश्री : हे मला कुणीच सांगितलं नाही. घरात एवढंच माहीत होतं की आजोबा पूर्वी खाणीचं काम करायचे आणि मग एकाएकी बंद झालं. आजी म्हणायची, साहेबाची मर्जी गेली. का गेली, ते आजोबा कधी बोलले नाहीत. पण या निगेटिव्हच्या काचा त्यांनी मऊ कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. लग्नाच्या फोटोंनासुद्धा तेवढं जपलं नाही त्यांनी.

नागम्मा : मंग तुला आता कळलं.

मंजुश्री : कळलं. अव्वा, आणि लाईन? ती पाडली का?

नागम्मा : न्हाई! फोटो हैदराबादला गेले. तितला कुनी मोठा साह्यब सोता आला बगायला. माय म्हन्ली, मी त्याला ताक दिलं. बंगले मंग टेकडीच्या पलीकडं बांधले. माय-बाप होते तवर लाईन हालली न्हाई.

मंजुश्री : आता ती नाही, अव्वा. मी गेले होते. खाण उघडी केलीय वरून. सगळं गाव त्या खड्ड्यात गेलं. खाली हिरवं पाणी साठलंय. नळ नाही, ओढा नाही, काही नाही.

नागम्मा : म्हाईताय. ऐकलं व्हतं. म्हनूनच तुला बस म्हन्ले.

शिवकुमार : अव्वा, आज्जीचं काम? ते राहिलं का?

नागम्मा : ते कसं ऱ्हाईल? बाकीच्या बायांना घेतलं परत, मायचं नाव कटलं. कामावरनं बाया रडत आल्या, आमीबी येत न्हाई म्हन्ल्या. मायनं दटावून धाडल्या. अन् दुसऱ्या दिसापासून वट्यावर बसली. भाकरी, शेंगादान्याची चटनी, अंबाडीची भाजी. एकली आलेली बाप्ये मानसं व्हती लई, रांधून घालायला कुनी न्हाई. सकाळच्या पाळीला जाताना भाकरी बांधून न्ह्यायची. पुढं पुढं मीठ, मिरची, काडेपेटी, तेल. वट्यावर छप्पर टाकलं. त्याला सगळी लाईन म्हनायची, शरनम्मा दुकानम्.

शिवकुमार : दुकान! म्हणजे दुकान होतं!

नागम्मा : व्हतं की. मी कव्हा न्हाई म्हन्ले? माजं लगीन जमताना मधल्या मानसानं तुज्या आज्याला सांगितलं, पोरीच्या घरचं खाणीवर दुकान हाय. त्यास्नी वाटलं, बापाचं. बाप माजा डबेच ढकलत व्हता शेवटपतुर. मायला म्हन्ले मी, हे खोटं न्हाई का? ती म्हन्ली, यात खोटं काय? दुकान हाय. कुनाचं, ते त्यांनी इचारलंच न्हाई.

मंजुश्री : काय बाई होती! अव्वा, मला एक सांगा. यातलं तुमचं घर कोणतं?

नागम्मा : दे ते सगळे. हे न्हाई. हे जैनबीचं. हे... हे बग. झरोक्याखाली तीन बोटांची ईभूत वढलेली. बापानं वढली व्हती. हे आमचं.

शिवकुमार : पण दारात कुणीच नाही. बाकी सगळ्या घरांपुढं माणसं उभी आहेत. हे रिकामंच आहे.

नागम्मा : बाप कौलावर असंल. मी पोरांत.

शिवकुमार : आन् आज्जी? तिनं एवढं सगळं केलं अन् तिचाच फोटो नाही?

नागम्मा : मायचा फोटो न्हाईच कुनाकडं. माज्याकडंबी न्हाई. तिचं तोंड आता आठवाया गेलं की... आवाज येतो. तोंड येत न्हाई.

मंजुश्री : थांबा अव्वा. हा पुढचा फोटो त्याच्या लगतच्या घराचा आहे. दारात दोघी आहेत. एक जरा आत, चेहऱ्यावर पदर ओढलेली. दुसरीनं तिच्या खांद्यावर हात टाकलाय आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघतेय. मी हा मोठा करून आणलाय. हा घ्या.

नागम्मा : थांब. चष्मा पुसू दे.

शिवकुमार : अव्वा? पाणी देऊ का?

नागम्मा : पोशम्माचा नवरा त्याच सालात खाली गाडला गेला व्हता. छत पडून. ती म्हन्ली, मी रांडमुंड, मी फोटोत कशाला? अपशकून. माय म्हन्ली, सगळ्या लाईनीचे वेल तू काढलेस, अन् तूच न्हाई? चल, मी उभी ऱ्हाते तुज्या दारात. हे मला आता आठवलं. बग, हात बग कसा टाकलाय. सुटून जाईल म्हनून धरून ठिवलंय तिला.

मंजुश्री : ही शरणम्मा?

नागम्मा : ही माजी माय. आईगं. किती ल्हान हाय गं ही! मला वाटायचं, माय लई थोराड व्हती. ही तर पोरगी हाय, पोरगी. तुज्यापेक्षाबी ल्हान.

शिवकुमार : बघू. ... अव्वा, ही तर अंबिका आहे.

मंजुश्री : अंबिकानं दार उघडल्या उघडल्या मला तेच वाटलं होतं काका. पण तुम्ही चिडलेले होतात, मी बोलले नाही.

शिवकुमार : हनुवटी बघा. काही मनासारखं झालं नाही की अंबिका अशीच बघते माझ्याकडं. डोळ्याला डोळा भिडवून. मी म्हणायचो, ही कुणावर गेलीय, आमच्यात तर सगळे गरीब.

नागम्मा : गरीब तू हायेस. आमी न्हाई.

मंजुश्री : काका, येत्या सोमवारी विष्णुपुरीला कॉलेजात हे फोटो लावायचेत. मोठे करून, एका रांगेत, लाईन होती तसेच. मला हे सगळं अव्वांच्या तोंडून लोकांना ऐकवायचंय. पण तुमची इच्छा नसेल तर मी नाव घालणार नाही. ‘खाणीवरच्या दोन स्त्रिया’ एवढंच लिहीन. अंबिकाच्या लग्नात माझ्यामुळं अडचण नको.

नागम्मा : शिवू, तू म्हनशील तसं. घर तुजं, लेक तुजी. मला तोंड बगायला भेटलं, माजं झालं.

शिवकुमार : एक मिनिट. निलंग्याला फोन लावतो. ... हॅलो. शरणु, मृत्युंजयप्पा. हां, शिवकुमार बोलतोय, शिरूरहून. सगळे बरे. न्हाई, याद्यांचं नंतर बोलू, आधी एक सांगायचं होतं. ग्रुपवर ते खाणीच्या घरांचे फोटो पाहिलेत ना? ... हां, तेच. ती आमची माणसं. ... न्हाई न्हाई, मालक-बिलक कुणी नव्हतं. आजोबा खाली डबे ढकलायचे. आज्जी कोळशातले दगड वेचायची. ... हाव. मलाबी आजच कळलं. ... ते तुम्ही ठरवा अप्पा, लपवून सोयरीक करण्यात काही मजा नाही. पण ठरवायच्या आधी सोमवारी नांदेडला या. घरच्यांना घेऊन या. भिंती बघा. आज्जी बघा. मग जे वाटेल ते सांगा. ... बरं. शरणु. ठेवतो.

मंजुश्री : काय म्हणाले?

शिवकुमार : म्हणाले, किती वाजता यायचं? अन् ताई, ते ‘दोन स्त्रिया’ लिहू नका. शरणम्मा लिहा. तिची शेजारीण पोशम्मा. पोशम्माचं नाव आधी घाला, वेल तिनं काढलेत.

मंजुश्री : घालते. अव्वा, आता निघू का मी? शेवटची बस आहे. फोटो नीट गुंडाळून घेते.

नागम्मा : कुठं न्हेतीस? सोमवारी आमी घेऊन येतो की. आत्ता ऱ्हाऊ दे हितंच. अजून मला लाईनीतल्या बाकीच्या बाया बगायच्या हायत.